परड्यातलं थंड हवेचं ठिकाण

मालवणच्या उन्हात स्ट्रॉबेरी लावण्याचा निर्णय रॉक लोबोंनी घेतला तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, एवढी एकच सबब त्यांच्या बाजूने देता येते.

कुडाळच्या कृषी प्रदर्शनात ते खरं तर आल्बिनासाठी नारळ खवण्याचं यंत्र बघायला गेले होते. पण यंत्राच्या शेजारच्या टेबलामागे पांढऱ्या कोटातला एक तरुण उभा होता आणि त्याच्यासमोर काळ्या पिशव्यांत हिरवीगार रोपं होती.

"कुठल्याही हवामानात येते, सर," तो म्हणाला.

रॉकबाबांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. लोकांनी त्यांना 'ओ कंट्रोलर' म्हटलं, 'ओ मास्तर' म्हटलं, पणजीची गाडी चुकल्यावर आणखीही बरंच म्हटलं. 'सर' मात्र कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ट्रे भरून रोपं घेतली. (आल्बिना अजून विळीवरच नारळ खवते, आणि खवताना ज्या नजरेने नवऱ्याकडे बघते, ती नजर कुठल्याच यंत्राला जमणार नाही.)

आता रोपं लावायची कुठे? भातकापणीनंतर घरामागच्या परड्यात आल्बिनाचं राज्य असायचं. लाल भाजी, मुळा, मिरच्या, आणि विहिरीला लागून, सगळ्यात कसदार मातीत, वांग्यांचा वाफा.

"ह्यो वाफो माका दी गो," रॉकबाब म्हणाले.

"आणि माझी वांगी खंय लावू? तुमच्या टकलेर?"

"एका वर्साचो प्रश्न आसा."

आल्बिनाने हातातलं खुरपं खाली ठेवलं. ती खुरपं खाली ठेवून बोलते तेव्हा तो निकाल असतो.

"आयका. लादाईनीक तुमची स्टॉबरी खुरसाकडे पोचली, तर वाफो तुमचो. नाय पोचली, तर परत परड्यात पाय टाकूचो नाय. पडवेत खुर्ची आसा. थंय बसूचा."

वाडीच्या टोकाला एक खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. दर जानेवारीत एका संध्याकाळी सगळी ख्रिस्ती वाडी तिथे जमून लादाईन, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, गाते. ज्याने त्याने आपल्या परड्यातला पहिला वाण आणून खुरसाच्या पायरीवर ठेवायचा, आणि प्रार्थना झाली की वाडीतल्या सगळ्यात वडील माणसाने तो हातात घेऊन, हुंगून 'बरो आसा' म्हणायचं, अशी या वाडीची रीत. हा मान हल्ली रोझामायकडे होता. रोझामायची नजर केव्हाच गेली होती. नाक मात्र असं, की शेजारच्या घरातली डाळ करपल्याचं शेजारणीला ती सांगायची. रोझामायने 'बरो आसा' म्हणेपर्यंत पीक हे पीक नव्हे.

आणि पडवीतली ती खुर्ची! रॉकबाबांना खरी धास्ती तिची होती. त्यांचे सासरे निवृत्तीनंतर त्या खुर्चीत बसले ते शेवटपर्यंत बसूनच राहिले. सुरुवातीला रस्त्याने जाणारे थांबून बोलायचे. मग नुसते हात करायचे. पुढे पुढे तेही बंद झालं, आणि शेवटच्या वर्षी एक कोंबडी त्यांच्या मांडीवर अंडं घालून गेली तरी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या खुर्चीपासून रॉकबाबांना वाचवू शकेल अशी एकच गोष्ट आता जगात उरली होती: स्ट्रॉबेरी.

ती मात्र वाचवायच्या मनःस्थितीत नव्हती. डिसेंबरातही मालवणचं ऊन ऊनच असतं. एक रोप करपलं, मग दुसरं, मग एकदम अख्खी ओळ. रॉकबाबांनी वर माडाची झापं घातली. आल्बिनाची चर्चमध्ये मिस्सेला जायची छत्री उघडून रोवली. तरी रोज सकाळी एक रोप मान टाकायचं.

"काय, खंय पावली स्टॉबरी?" आल्बिना स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची.

"मार्गस्थ आसा," रॉकबाब सांगायचे. गाडीचा पत्ता नसला की स्टँडवरही ते हेच सांगत.

शेवटी जेमतेम एक रोप उरलं, तेव्हा त्यांनी डोकं चालवलं (आणि इथून पुढे सगळं बिघडलं). स्ट्रॉबेरी थंड हवेची. म्हणजे तिला थंडी हवी. मालवणात थंडी कुठे असते? बर्फात. आणि बर्फ कुठे? बंदरावर, कमरुद्दीनकडे.

कमरुद्दीन हा मासळीचा व्यापारी, रॉकबाबांचा जुना दोस्त. एके काळी त्याच्या मासळीच्या पेट्या एसटीच्या टपावरून कोल्हापूरला जायच्या.

"बर्फ?" तो म्हणाला. "कित्याक रे? पाव्हणे इले काय?"

"परड्यात घालूक."

कमरुद्दीनने दोस्ताकडे जरा वेळ नीट पाहिलं. निवृत्तीनंतर माणसांचं काय काय होतं ते त्याने ऐकलं होतं.

"बांगड्याच्या पेटयेतलो आसा हां. वापरलेलो. चलात?"

"बर्फ तो बर्फ. थंड आसा मां?"

"थंड आसा."

"मगे घाल."

रोज सकाळी एक बादली बर्फ येऊ लागला. रॉकबाब तो रोपाभोवती गवताखाली पुरायचे आणि हात मागे बांधून, थंड हवेच्या ठिकाणी फिरायला आल्यासारखे वाफ्याभोवती फेऱ्या घालायचे. आणि काय आश्चर्य, रोपाने मान वर केली! फूल आलं. फूल गळलं आणि मागे हिरवी गाठ दिसली. गाठ फुगली, पांढरी झाली. एका सकाळी तिच्या टोकाला गुलाबी छटा आली आणि रॉकबाबांनी गुडघ्यावर बसून तिला नमस्कार केला.

मान वर केली तेव्हा समोर मांजर बसलं होतं.

दुपारपर्यंत तीन झाली. दुसऱ्या दिवशी वाडीतली झाडून सगळी मांजरं वाफ्याभोवती गोल करून बसली. ती ओरडत नव्हती, भांडत नव्हती. उशिरा येणाऱ्या गाडीसाठी प्रवासी बसतात तशी बसली होती: आशा सोडलेली, पण जागा न सोडता. त्यांचा म्होरक्या होता एक कान तुटलेला बोका. तो मधूनच उठायचा, पंजाने माती उकरायचा, हुंगायचा आणि रॉकबाबांकडे अशा चेहऱ्याने बघायचा की 'माल इथेच आहे, कशाला लपवताय?'

"ही माजरां कित्याक येतत, कधी इचार केलात?" आल्बिनाने विचारलं.

"थंडाव्याक. माजराक थंड जागा बरी लागता."

आल्बिना काहीतरी बोलणार होती. पण ती पैजेतली दुसरी बाजू होती. ती आत गेली आणि पदरात तोंड घालून हसली.

रॉकबाबांनी दगड मारले. मांजरं तेवढ्यापुरती सरकली. आपला जुना खाकी युनिफॉर्म चढवून बुजगावणं उभं केलं. बोका त्याच्या सावलीत झोपला. शेवटी एका दुपारी बोक्याचा पंजा त्या एकुलत्या एका फळापासून बोटभर अंतरावर आला, तेव्हा भीतीने रॉकबाबांच्या तोंडून जे निघालं ते तीस वर्षांच्या सवयीने निघालं:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! मालवणहून कसालमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी, फलाटावर लागत आहे!"

मांजरं उडाली. कुंपणावरून, विहिरीवरून, एकमेकांच्या अंगावरून. (रस्त्याने जाणारी एक बाईही पिशवी सावरत धावत सुटली; पण तिची नंतर समजूत घालता आली.)

अशा रीतीने रॉकबाब पुन्हा नोकरीवर रुजू झाले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, मांजरं जमली की घोषणा. कणकवली गेली, वेंगुर्ला गेली, बेळगाव गेली. फळ लाल होत होतं. पण तळाशी अजून पांढरा पट्टा होता, आणि कच्चं फळ खुरसासमोर ठेवणाऱ्याला रोझामायने एकदा भर वाडीत काय सुनावलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. थांबणं भाग होतं.

लादाईनीचा दिवस उजाडला. पट्टा गेला होता. फळ देठापर्यंत लाल, टपोरं, परड्यातल्या मिरच्यांना लाजवणारं. रॉकबाबांनी आल्बिनाला हाक मारायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

घसा पार बसला होता. नुसती हवा आली, पंक्चर झालेल्या टायरमधून येते तशी. आणि तो फुसका आवाज कुणी ऐकला असेल तर बोक्याने. तो उठला. आळस दिला. मागची मांजरंही उठली. बोका रमतगमत, तिकीट काढून आल्यासारखा, सरळ वाफ्यात शिरला. रॉकबाब पुढे धावले, बर्फाच्या चिखलात त्यांचा पाय गेला आणि ते बसले ते बसलेच. बोका आणि स्ट्रॉबेरी यांच्यामध्ये आता आल्बिनाची मोडकी छत्री तेवढी उरली होती. बोक्याने छत्रीखाली डोकं घातलं. मिशा फळाला लागल्या. पडवीतली खुर्ची रॉकबाबांना बसल्या जागेवरून दिसत होती.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

स्वयंपाकघराच्या दारात, हातात डाव घेऊन, आल्बिना उभी होती.

"कसालमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी! फलाटार लागता हा! चला, मेल्यांनो!"

परडं रिकामं झालं.

"तुका... ह्या... कसा येता?" रॉकबाब घशातल्या घशात म्हणाले.

"लगीन झाल्यापासून आयकतंय. झोपेत पण गाडी सोडतास." तिने डाव खाली केला. "आणि उठा आता. माजरांनी जिंकान दिलेलो वाफो माका नको."

रॉकबाबांनी देठासकट फळ खुडलं. संध्याकाळपर्यंत ते ताजं राहायला हवं होतं. म्हणून स्टीलच्या डब्यात तळाशी सकाळच्या बादलीतला बर्फ, त्यावर अलगद स्ट्रॉबेरी, आणि वर घट्ट झाकण. आपल्या हुशारीवर ते स्वतःच खूश झाले.

संध्याकाळी ते डबा छातीशी धरून खुरसाकडे निघाले. शेजारी आल्बिना, परड्याच्या मागच्या कोपऱ्यात कसंबसं वाढवलेलं एक वांगं ओच्यात घेऊन. वळणावर तिने मागे पाहिलं.

"आमचे पाव्हणे येतत."

मांजरं येत होती. एकामागून एक, शिस्तीत, बोका पुढे.

खुरसाच्या पायरीवर मुळे होते, दुधी होता, लाल भाजीच्या जुड्या होत्या. मधोमध बशीत ती लालभडक स्ट्रॉबेरी ठेवताच वाडीत कुजबुज झाली. "लोबोच्या परड्यात? हंय? मालवणात?" रॉकबाबांनी मान ताठ केली. लादाईन सुरू झाली. संतांची नावं एवढी असतात हे रॉकबाबांना जन्मात पहिल्यांदा जाणवलं, कारण प्रत्येक संतागणिक मांजरं एक पाऊल पुढे सरकत होती. गाता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. घसा असता तरी प्रार्थनेत कोल्हापूरची गाडी सोडता आली नसती. ते नुसतेच घामाघूम उभे राहिले.

शेवटचा आमेन झाला. रोझामायला हाताला धरून पायरीपाशी बसवलं. एकेक वाण तिच्या हातात गेला.

"मुळो. बरो आसा." ... "ह्या वांगा. आल्बिनाचा. बारीक आसा, पण बरा आसा."

मग स्ट्रॉबेरी तिच्या तळहातावर आली. रोझामायने ती नाकाशी नेली. थांबली. पुन्हा नेली. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरला.

"रॉका! बांगडो!"

वाडीच्या माना एकदम रॉकबाबांकडे वळल्या.

"माये, ता फळ आसा," रॉकबाब जिवाच्या आकांताने कुजबुजले.

"माका शिकवतंस? ह्या नाकान जन्मभर बांगडो वळाखलंय." तिने पुन्हा खोल श्वास घेतला. "ताजो आसा. बरो आसा हां, रॉका. वायच बारीक आसा, इतक्याच."

पायाशी म्याव झालं. "ये रे बोक्या," रोझामाय मायेने म्हणाली, "तुजो वाटो घे," आणि कुणी काही बोलायच्या आत रॉकबाबांचं सगळ्या हंगामाचं पीक तिने खाली टाकलं.

बोका धावत आला. हुंगलं. चाटलं. मग मान वर करून त्याने रॉकबाबांकडे पाहिलं. तक्रार करण्यातही अर्थ नाही हे कळलेला प्रवासी कंट्रोलरकडे बघतो, तसं. आणि स्ट्रॉबेरी तिथेच टाकून तो चालता झाला. त्याच्यामागून बाकीची मांजरंही गेली.

घरी परतताना पडवी दिसू लागली.

"रोझामायन... बरो आसा... म्हटल्यान," रॉकबाबांनी शेवटी घसा खरवडून मुद्दा मांडला.

"बांगडो बरो म्हटल्यान. बांगडो काय परड्यात पिकणा नाय. वाफो माझो."

रॉकबाबांनी पडवीतल्या खुर्चीकडे पाहिलं.

पण बर्फ थांबला तरी मातीतला वास थांबला नाही, आणि दुसऱ्या सकाळी मांजरं पुन्हा वाफ्याभोवती हजर होती. आल्बिनाने तिथे वांग्याची रोपं लावायला घेतली होती. तिने मांजरांकडे पाहिलं, बुजगावण्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खुरपं खाली ठेवलं.

"माजरां तुमी ह्या वाफ्यात हाडलात. तुमीच राखा."

तेव्हापासून रॉकबाब परड्यातच असतात. पैजेतली ती एक अट आल्बिनाने मोठ्या मनाने मागे घेतली. बुजगावणं काढून टाकलं. त्याचा खाकी सदरा धुऊन त्यांना परत दिला आणि त्याच्या जागी पडवीतली खुर्ची आणून ठेवली. घसा पुन्हा बसू नये म्हणून मांजर दिसेपर्यंत ते बोलत नाहीत, हलतही नाहीत.

परवा धामापूरहून आल्बिनाची मावसबहीण सुगंधा आली. वांग्यांचं कौतुक करत करत ती वाफ्यापाशी पोचली आणि खुर्चीसमोर थबकली.

"गो आल्बिना," ती म्हणाली, "बुजगावणा झकास केलंस. पण टकलेर वायच केस लाव गो. असो माणूस खंय आसता?"

रॉकबाबांनी घसा राखून ठेवला. विहिरीवर बोका येऊन बसला होता.