उंदीर न लागणारं टरबूज

चौसाळ्याच्या गहिनीनाथाला इंग्रजी येत होतं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

गावातल्या एका शाळेत तो क्लार्क होता. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी (कागदोपत्री तो पाच-दोन लिहायचा), आणि सासऱ्यांसमोर उभा राहिला की तीही आणखी कमी वाटायची. सासरे अर्जुनराव म्हणजे उमापूरचे बागायतदार, सहा फुटी गडी. मेव्हण्याच्या लग्नात भर पंगतीत ते म्हणाले होते, "आमचे जावाई लई हुशार. फकस्त वाळूक कंचं आन दोडका कंचा, तेवढं इचारू नका!"

सगळी पंगत हसली. जिलबी घेऊन आलेला वाढपीसुद्धा हसला. गहिनीनाथाची कानशिलं तापली आणि तो भरल्या ताटावरून उठून म्हणाला, "मामा, पुढच्या खेपेला घरी या. माझ्या अंगणातलं टरबूज तुमच्या हातानं कापायला देतो!"

बोलून तर बसला. आता टरबूज आणणं आलं. मोबाइलवर बिया शोधताना एक पाकीट दिसलं. त्यावर हिरव्या पट्ट्यांची देखणी टरबुजं आणि नाव 'माऊस मेलन'. पाकीट घरी आल्यावर त्यानं बायकोला, दिपालीला, समजावून सांगितलं.

"मेलन म्हंजे टरबूज."

"आन माऊस?"

"माऊस म्हंजे उंदीर. उंदीर लागत न्हाई अशी जात हाय. इंपोर्टेड!"

"मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

"ज्यांना पुढचं कळत न्हाई, त्यांच्यासाठी असतंय ते."

बिया उगवल्या. वेल सरसर चढला. एवढी टरबुजं लटकली तर साधा मांडव कोसळेल, म्हणून गहिनीनाथानं लोखंडी पाइप रोवून घेतले. इवली फळं धरताच दिपालीची साडी फाडून एकेका फळाला एकेक झोळी बांधली. (साडी जुनी होती असं त्याचं मत. दिपालीचं मत वेगळं होतं.) शेजारच्या बायनाबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "बारसं कवा हाय?"

फळं बोराएवढी झाली. पट्टे उमटले. अगदी टरबूज! गहिनीनाथ हरखून नाचायचाच बाकी राहिला. पण आठ दिवस गेले, पंधरा गेले, फळं बोराएवढीच. नंतर तर टपाटपा गळायला लागली.

त्याच्या आईनं, वत्सलाबाईंनी, वेल पाहून एका क्षणात निदान केलं. "कुणीतरी सरळ बोट दाखवलं. कवळ्या फळाकडं बोट वाकवून दाखवावं, न्हाईतर वाढ खुंटती."

झालं! अंगणात मुठी आवळून फिरायचा नियम निघाला. फाटकावर पाटी लागली: 'आत बोट दाखवण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' सिलिंडरवाल्यानं पाटी वाचून विचारलं, "साहेब, मग अंगठा चालतोय का?" शेवटी संशय बायनाबाईंवर गेला.

"काकू, तुमी बोट दाखवलं कावून?"

"म्या? माझं बोट तुज्या बोरावर वाया घालवू व्हय रे?"

दोन घरांचं बोलणं बंद झालं. त्यातच अर्जुनरावांचा फोन आला. "कपिलधारला दर्शनाला येतोय. तसाच पुढं टरबूज खायला येतो!"

ते आले. मांडवाखाली पाट टाकला. पाटाशेजारी ताट आणि ताटात हातभर लांब, धार लावलेला सुरा. पंगतीतलं ते हसू आज गहिनीनाथाच्या घरी चालून आलं होतं.

"कुठाय टरबूज?"

त्यानं वाकड्या बोटानं वर दाखवलं. "मामा, वाढ खुंटली. कुणीतरी बोट दाखवलं."

अर्जुनराव झोळीत बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक फळ तोडलं, सुऱ्याकडं पाहिलं, सुरा बाजूला ठेवला आणि फळ अख्खं तोंडात टाकलं. कुर्रकन आवाज झाला.

"आरं, ही तर काकडी हाय! आंबटसर. आन खुंटलीय कुठं? चांगली भरलीय. गळाली ती जून होऊन गळाली."

दिपाली आतून पाकीट घेऊन आली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचू लागली. फळ द्राक्षाएवढंच होतं. चव काकडीची. टरबूज फक्त वरून दिसायला. गहिनीनाथाला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण जमिनीत पाइप रोवलेले होते.

अर्जुनराव मात्र खातच सुटले. एक, दोन, ओंजळभर. मिठाला लावून खाल्ल्या. "जावाईबापू, लई झकास! मला थोडं बियाणं ठेवा." गहिनीनाथाला भरून आलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि सासऱ्यांनी त्याच्याकडं काही मागितलं, ते आज पहिल्यांदा. तो ताठ उभा राहिला. पाच-दोन अगदी.

तोंड पुसत अर्जुनराव वत्सलाबाईंना म्हणाले, "काकडीचं कळलं, ती जातच बारकी. पर ह्यांचं काय झालं?" आणि त्यांनी हसत जावयाकडं बोट दाखवलं.

वत्सलाबाई ताडकन उठल्या. "आवो पाव्हणं, बोट वाकवा आधी! ल्हानपणी ह्याच्या आत्यानं असंच सरळ दाखवलं व्हतं!"