चौसष्ट घरांत एक बाई नाही

वऱ्हाडात गुप्तहेर किती, असं कोणी विचारलं तर मी एक बोट वर करतो आणि ते स्वतःकडे वळवतो. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, मधलं बडनेरा आणि मूर्तिजापूर धरून, माझ्या तोडीचा माणूस नाही. नजर ससाण्याची, कान सशाचे आणि नाक आमच्या वडिलांचं. दिवसा मी एका कचेरीत नकला उतरवतो, पण ते वेशांतर आहे. गेल्या एकोणीस वर्षांत ते कोणाला ओळखू आलेलं नाही, आमच्या साहेबांनाही नाही. घराच्या दारावर मात्र 'खुशालराव, गुप्तहेर' अशी ठसठशीत पाटी आहे. गुप्तहेर अगदीच गुप्त राहिला तर गिऱ्हाइकाला सापडणार कसा?

आजवर माझ्या हातून एकतीस प्रकरणं गेली. 'हातून गेली' हे शब्द माझ्या बायकोचे, रुख्मिणीचे. प्रत्येक तपासाला ती सोबत येते, अडकित्त्याने सुपारी कातरत कोपऱ्यात बसते आणि तपास संपेपर्यंत एक अक्षर बोलत नाही. ती का येते हे मी कधी शोधलं नव्हतं. घरचा तपास फुकट करावा लागतो.

बत्तिसावं प्रकरण १९६१ च्या दिवाळीआधीच्या एका रविवारी आलं. अकोल्याचा सूर्यभान नावाचा तरुण दारात उभा राहिला, तिरपा होऊन आत आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. खुर्ची कळवळली. खुर्ची जुनी आहे, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला.

"आपण शाळामास्तर आहात," मी म्हणालो. गिऱ्हाइकाशी मी पुस्तकी भाषेतच बोलतो, त्याने वजन पडतं. "बोटांना खडू लागला आहे."

"नाई जी, पीठ हाये. बायकोनं दशम्या बांधून देल्ल्या होत्या. बडनेऱ्यावर खाल्ल्या."

"म्हणजे पुरावा खाल्लात. बरं, पुढे बोला."

त्याचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. रोज संध्याकाळी तो आणि त्याचे वडील किसनराव ओसरीवर बुद्धिबळ खेळत. सासऱ्यासमोर सुनेने बसायचं नाही, म्हणून त्याची बायको वच्छला आतल्या दाराची एक फळी उघडी ठेवून उंबऱ्याआड पाटावर बसे आणि डाळ निवडता निवडता खेळ पाही.

"मी चाल चुकाले लागलो का ती बांगड्या वाजवे," सूर्यभान हळूच म्हणाला. "मी हात मांगं घेओ. तीन महिने बाबाले एक डाव जिकू देल्ला नाई. आता पाच मिनिटं बसते अन् उठून चालली जाते. मी रोज हरून राहिलो. हराचं काई नाई, पन ती पाहून नाई राहिली तर खेळाचं काय करू? शुक्रवारी तिचा भाऊ मूर्तिजापूरहून घ्याले येते. दिवाळीसाठी जातो म्हन्ते, पन मोठी ट्रंक भरून राहिली. तिचं मन उडालं जी. बाबा दुसऱ्या कोनासंगं खेळत नाई, म्हनून बसाच तर लागते. तुमी असा खेळ निवडून द्या का पाहनारीले मजा येईन."

एवढं बोलून तो भलामोठा माणूस चक्क डोळे पुसायला लागला. मला गलबलून आलं. मी वहीत 'बांगड्या' असा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्याचा पुढे काहीच उपयोग केला नाही, पण रेघा सरळ आल्या होत्या.

बुधवारी आजारपणाची रजा टाकून मी रुख्मिणीसह अकोला गाठलं. संध्याकाळी ओसरीवर पट मांडला गेला. किसनराव म्हणजे काडीसारखा म्हातारा. घरचा कर्ता म्हणून आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या जागी, भिंतीला तक्क्या लावून आतल्या दाराकडे तोंड करून बसला. सूर्यभान दाराकडे पाठ करून त्याच्यासमोर बसला. मी खांबाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो. पाचव्या मिनिटाला आत पाट सरकला आणि वच्छला उठून गेली.

मी पटाकडे निरखून पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट, प्यादी," मी मोजून दाखवलं. "चौसष्ट घरं आणि त्यांत एक बाई नाही. एवढ्या घरांत चूल कोण पेटवतं? कुठल्या बाईला हे पाहवेल?"

"सैन्यात बाया कायले पाहिजे?" किसनराव म्हणाले.

"पत्ते आणा. त्यांत चार राण्या आहेत."

दोघांत खेळता येईल असा भिकार-सावकार मी त्यांना लावून दिला. किसनरावांनी आधी तोंड वाकडं केलं, पण दोन गुलाम जिंकल्यावर ते मांडी बदलून बसले. राण्या चारही हजर होत्या. वच्छला पुन्हा येऊन बसली आणि चौथ्या मिनिटाला गेली.

माझा दुसरा सिद्धांत आवाजाचा होता. पत्ते मुके, बुद्धिबळ मुकं. पाहणाऱ्या माणसाला खडखडाट हवा. शेजारच्या देवमनकडून मी कॅरम बोर्ड मागवला. खडखडाट उत्तम झाला. किसनरावांचा स्ट्रायकर सुटला आणि माझ्या अंगठ्यावर येऊन बसला. वच्छला तीन मिनिटांत उठली. तिच्या पाठोपाठ मीही उठलो, पण अंगठा पाण्यात बुडवायला.

तिसरा सिद्धांत मात्र भयंकर होता: आत काहीतरी चाललं होतं. मी गोठ्याच्या बाजूने, मांजराच्या पावलांनी, घराच्या मागे गेलो. वाटेत शेणात पाय पडला, पण गुप्तहेर पायाखाली पाहत नसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी डोकावलो. वच्छला पुऱ्या तळत होती. मी ओसरीवर परतेपर्यंत ताट भरून दारातून पुढे सरकवलं गेलं होतं, आणि सूर्यभानने कॅरम खेळता खेळता अकरा पुऱ्या संपवल्या. मी दोन पुरावे म्हणून खाल्ल्या. विषाचा अंश नव्हता, ओवा होता.

"मंडळी," मी जाहीर केलं, "खेळ चवथाही निवडता येईल. पण या स्त्रीचं मन खेळावरून नव्हे, घरावरूनच..."

सूर्यभानचा चेहरा पडला. त्याच्या हातातली बारावी पुरी तशीच राहिली.

तेवढ्यात आतला अडकित्ता थांबला. रुख्मिणी केव्हा आत जाऊन वच्छलाच्या पाटाशेजारी बसली होती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती तपासात बोलली.

"मी पहिल्या डावापासून इथंसा बसून हाओ. मले बुद्धिबळ नाई दिसलं, पत्ते नाई दिसले, कॅरमबी नाई दिसला. मले नुसता सूर्यभानभाऊचा सदरा दिसून राहिला."

सूर्यभानने मान वळवून मागे पाहिलं. त्याची पाठ उघड्या फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली होती, आणि थोडी पलीकडेही गेली होती.

"लगनात एवढे नव्हते ना हे?" रुख्मिणीने विचारलं.

"अर्धेबी नव्हते," आतून वच्छलाचा बारीक आवाज आला. "तवा खांद्याच्या बाजूनं पट दिसे."

"मंग सांगतलं काहून नाई?" सूर्यभान म्हणाला.

"मामंजी समोर बसले असताना तुमाले सरका कशी म्हनू? अन् बारीक व्हा म्हनलं तर माह्याच सैपाकाले नाव ठेवल्यावानी होते. नुसता सदरा पाहून कटाळा ये, मंग मी उठो अन् काईबाई तळाले लागो."

म्हणजे तिला दिसत नाही म्हणून ती तळत होती, ती तळत होती म्हणून हा फुगत होता, आणि हा फुगत होता म्हणून तिला दिसत नव्हतं. इतका निर्दोष गुन्हा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"अन् ती मोठी ट्रंक?" सूर्यभानने घाबरत विचारलं.

"त्याच्यात तुमचे जुने सदरे हायेत. एकबी अंगात जात नाई. भावाले होतीन म्हनून नेऊन राहिली. भाऊबीज झाली का दुसऱ्या दिवशी येतो मी."

किसनरावांनी तक्क्या बगलेत धरला, आजोबांच्या वेळेपासूनची जागा सोडली आणि ते दाराकडे पाठ करून बसले. सासरा पाठमोरा झाला, म्हणून सुनेची मर्यादाही राहिली. आणि त्या काडीच्या दोन्ही बाजूंनी अख्खी ओसरी दिसायला लागली. सूर्यभान दाराकडे तोंड करून बसला. कॅरम गेला, बुद्धिबळाचा पट पुन्हा आला.

सातव्या चालीला सूर्यभानने उंटाला हात घातला. आत बांगड्या वाजल्या. त्याने हात मागे घेतला आणि लाजून हसला.

"मले तवाच वाटलं होतं," किसनराव मान न वळवता म्हणाले, "का तीन महिने मी दोघाइसंगं खेळून राहिलो." पण जागचे ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. मी खिडकीशी बसून वहीत 'प्रकरण बत्तीस: सुटलं' असं लिहिलं. कोणी सोडवलं ते लिहायला जागा उरली नव्हती. रुख्मिणी शेजारी बसून सुपारी कातरत होती. मी पुस्तकी भाषा बाजूला ठेवली.

"तू काहून येत असते वं दरवेळी माह्यासंगं?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"तुमाले. तुमी इतकं जीव लावून चुकता का मधातून उठावंसं वाटत नाई. एकोनीस वर्षं झाली, मी एकदाबी नाई उठली."

मी वही मिटून खिशात घातली.

"मंग कधी बांगड्या काहून नाई वाजवल्या?"

"वाजवल्या असत्या तर खेळ लवकर नसता सरला?"

मूर्तिजापूर आलं तेव्हा समोरचा बाक रिकामा झाला. मी उठून तिथे, तिच्यासमोर जाऊन बसलो. गाडीच्या उलट तोंड करून बसलं की मला मळमळतं, पण तिला तिथून बरं दिसत होतं.