पाहण्याजोगे वडील

माणसाने आपल्या मुळांशी नाते टिकवले पाहिजे, आणि त्यासाठी वसंताइतका सोयीचा ऋतू दुसरा नाही. ऊन बेताचे असते, चिखल अजिबात नसतो आणि शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी निघते. हा सखोल विचार करून आमच्या सोसायटीच्या सांस्कृतिक समितीने ‘चला मातीकडे’ ही छोटी सहल काढली. शेती समजून घेणे आणि ग्रामीण वारसा जपणे हे तिचे जाहीर उद्देश होते. (येताना ताजी भाजी आणणे हा उद्देश पत्रकात नव्हता. पिशव्या मात्र सगळ्यांनी घेतल्या होत्या.)

समितीचे चिटणीस विमा कंपनीत होते. त्यांनी वडिलांनाही बरोबर घेतले. त्यात प्रेम होतेच, शिवाय सहलीच्या दिवसांत घरी त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हते. वडिलांनी जन्मभर शहरात शिंपीकाम केलेले. शेतीशी त्यांचा संबंध इतकाच, की एका कृषी अधिकाऱ्याच्या पँटी ते शिवत असत.

ज्या शेतावर आम्ही उतरलो तिथला शेतकरी फार कामाचा माणूस निघाला, त्यामुळे आमच्या काहीच कामाचा नव्हता. तो कानात इअरफोन घालून ट्रॅक्टर चालवत होता.

“मातीशी तुमचं नातं कसं आहे?” समितीच्या अध्यक्षबाईंनी हळुवारपणे विचारले.

“कंबर धरते,” तो म्हणाला. “जुनं घर त्या तिकडे आहे, बघून घ्या. मागच्या नव्या घराकडे येऊ नका, आम्ही तिथे राहतो.”

समितीने हा अनुभव ‘संमिश्र’ या सदरात टाकला आणि सगळे नांगराजवळ फोटो काढायला गेले. चिटणिसांचे वडील गुडघे दुखतात म्हणून जुन्या घराच्या पायरीवर बसले. उन्हासाठी सुनेने त्यांच्या डोक्यावर गवती टोपी घातली होती.

तेवढ्यात दुसऱ्या एका सोसायटीची बस आली. तिच्यातल्या मंडळींनी जुने दार पाहिले, टोपी पाहिली, सुरकुत्या पाहिल्या आणि ती पायरीभोवती जमली.

“बाबा, पेरणीआधी काय बघायचं असतं?” एका बाईंनी वाकून विचारले.

म्हाताऱ्याने आधी मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते. आपल्यालाच विचारले आहे याची खात्री पटायला त्यांना जरा वेळ लागला.

“माप,” ते म्हणाले. “माप नीट घ्यायचं. वर चार बोटं जास्त धरायची, पुढे वाढ होते.”

लोकांनी हे मोबाइलमध्ये टिपून घेतले.

“आणि कापणी?”

“घाई करायची नाही. एकदा कापलं की गेलं.”

एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हातारबाबा मग खुलले. उस्तादाने पहिले वर्षभर नुसती काजं करायला कशी लावली, ते त्यांनी सांगितले. (काजं हे एखादे कडधान्य असावे, असा श्रोत्यांचा समज झाला. त्याने रस कमी झाला नाही.) नांगर सोडून आमचीही माणसे तिथे आली. चिटणीस सगळ्यांच्या मागे उभे राहून ऐकत होते. यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. शेवटी त्यांनीही हात वर केला.

“इतकं काम करून थकायला व्हायचं का हो?”

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिले. “व्हायचं. तू मशीनपाशी झोपायचास. जाग येऊ नये म्हणून पाय हळू मारायचो.”

सगळ्यांनी ‘वा’ म्हटले. चिटणिसांचा हात अजून वरच होता.

निघायची वेळ झाली तरी वडील उठेनात.

“बाबा, चला. बस थांबलीय.”

“तू हो पुढे. ही मंडळी अजून विचारतायत.”

“अहो, तुम्ही शेती केलेली नाहीत.”

“त्यांनी ते विचारलेलं नाही.”

एवढ्यात शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून आला. “राहू द्या की त्यांना,” तो म्हणाला. “ते बोलतात तोवर मला काम उरकता येतं.”

युक्तिवाद बिनतोड होता. वडील राहिले.

आता त्या पायरीजवळ ‘ग्रामीण वारसा : दहा ते पाच’ अशी पाटी आहे. चिटणीस दर वसंतात सहकुटुंब जातात, रांगेत उभे राहतात आणि नंबर आला की घरून ठरवून आणलेले प्रश्न विचारतात. “घरी कधी असं बोलले नाहीत,” असे सूनबाई कौतुकाने सांगतात. घरी कधी विचारले होते का, हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेबाहेर आहे.

वाचकांपैकी ज्यांना आपल्या वडीलधाऱ्यांशी बोलण्याची इच्छा असेल, त्यांनी समितीकडे नाव नोंदवावे. पुढची बस वसंतात निघेल. तोवर आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आलाच, तर दार लोटून घ्यावे, म्हणजे वाचनात व्यत्यय येणार नाही.