डावीकडचा खटका

तायडेभाऊंना मुलगा पाहायच्या कार्यक्रमाला नेऊ नये, यावर आमच्या हिवरखेडात एकमत आहे. त्यांच्या पुतणीला स्थळ आलं, तेव्हा लोकांनी मुलाला नोकरी विचारली, शेती विचारली, व्यसन विचारलं. भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "चिखलात गाडी फसली. मागचं एक चाक रिकामं फिरून राह्यलं, दुसरं हालतच नाई. तुमी काय करान?"

मुलगा बँकेतला. तो बिचारा आईकडे पाहत म्हणाला, "उतरून धक्का मारीन."

भाऊ खूष. "द्या पोरगी. हा उतरते, आत बसून नाई राहत."

लग्न झालं, संसारही बरा चाललाय. पण भाऊ दिसले की जावई अजून गाडीपासून लांबच उभा राहतो.

भाऊ कृषी खात्यातून निवृत्त झालेले, माझे भिंतीला भिंत शेजारी. मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांचा 'मास्तर'. सकाळी कुंपणावरून "जय भीम, मास्तर" ऐकू आलं की त्यामागून जीप येणार हे ठरलेलं. जीप म्हणजे चर्चेचा विषय. खरी जीप तर अंगणात उभीच असते. जुनी, चारही चाकांनी ओढणारी, गल्लीच्या तोंडाशी असतानाच भांडी वाजवणारी. तिच्यात लॉकर कोणतं बसवायचं, हा विचार भाऊ कित्येक वर्षं करत होते.

लॉकर म्हणजे काय, ते त्यांनी मला एका पंगतीत समजावलं. पत्रावळीवर दोन पुऱ्या मांडल्या आणि मधे जिलेबी ठेवली.

"ह्या पुऱ्या म्हंजे मागची दोन चाकं. वळनावर भाईरच्या चाकाले जास्त चालनं पडते, आतल्याले कमी. म्हनून मधात हे डिफरन्शियल. दोघायलेही आपापल्या चालीनं चालू देते. रोडवर लय शहानं! पन चिखलात? जे चाक रिकामं फिरते, सारी ताकद त्यालेच. कामाचं चाक उपाशी!"

एवढं बोलून त्यांनी कामाचं चाक वरणात बुडवून खाल्लं. लॉकर ही दोन्ही चाकांना एकत्र बांधणारी कळ. ती लागली की दोघं बरोबरच फिरतात आणि गाडी चिखलातून निघते. पण पक्क्या रस्त्यावर तशीच राहिली तर वळणावर टायर घासतात, गाडी हिसके देते. गाडी रोज रस्त्यावर आणि रोज वावरातही जाणारी असेल तर पंचाईत होते ती इथे.

या लॉकरचे तीन प्रकार, आणि भाऊंनी तिघांचेही स्वभाव ठरवून टाकले होते. पहिलं आपोआप लागणारं. "हा सासरा. इचारत नाई, सांगत नाई, वळनावर खट्ट करते." दुसरं अर्धवट पकडणारं. "हा आपला पुढारी. दोन्हीकडं हो म्हनते, अन् काम पडलं की सुटते." तिसरं हवेच्या दाबावर चालणारं. खटका दाबला तरच लागतं, वर केला की सुटतं. "याले सांगावं लागते. पन नळी, पंप, वायर... एक उंदीर घुसला का खलास."

अकोटचे रफिकभाई म्हणजे त्यांचे मेकॅनिक. ते एकदा वैतागून म्हणाले, "भाऊ, इतक्या दिवसात मी पोरीचं लगन करून नातू खेळवला. तुमचं लॉकर काही ठरून नाई राह्यलं." शेवटी भाऊंनी सासऱ्याच्या बाजूनं कौल दिला. आपोआप लागणारं, ना नळी ना उंदीर.

आणि तेवढ्यात कमलवहिनींना लकवा मारला.

वहिनी प्राथमिक शाळेत बाई होत्या. निम्म्या गावाचं अक्षर त्यांनी वळवलेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र पदराखाली गेला तो गेलाच. भाऊ त्यांना जीपनं रोज अकोटला व्यायामाला न्यायचे. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, या हाताला रोज काम द्या, नाहीतर आहे तेवढी ताकदही जाईल. वहिनी घरी आल्या की हात पुन्हा पदराखाली. भाऊंनी तुरीच्या शेंगा सोलायला आणून दिल्या, मग कपड्यांचे चिमटे दिले.

"मले काय लहान पोट्टी समजले का? खेळाले देता?" असं म्हणून वहिनींनी चिमट्यांची टोपली अंगणात भिरकावली. डाव्या हातानं. चिमटे मी वेचले. भाऊ जीपच्या टायरमधली हवा पाहत बसले. ती त्यांनी सकाळीच पाहिली होती.

आता लॉकर मागे पडणार, असं मला वाटलं. त्यात भाऊंच्या वावरासमोरून डांबरी रस्ता झाला. मागच्या पांदणीनं, म्हणजे काळ्या मातीच्या त्या शेतवाटेनं, जाण्याची भाऊंना गरजच उरली नाही. आणि नेमकं तेव्हाच भाऊंनी लॉकर बसवायला घेतलं. तेही तिसरं, खटक्याचं! मी त्या दिवशी अकोटला त्यांच्यासोबत होतो.

"भाऊ, उंदीर घुसते म्हनत होते ना तुमी?" रफिकभाईंनी विचारलं.

"मांजर पाळतो."

"बरं, खटका तुमच्या हाताशी लावू?"

"नाई. तिकडं, डावीकडं."

"काहून? गाडी तुमी चालवता का वहिनी?"

"तू वायर लांब घे ना बाप्पा!"

रफिकभाईंनी नाजूक बटण दाखवलं, भाऊंनी जाडजूड खटका उचलला. "याले जोर लागते, भाऊ." "लागू दे." परतीच्या वाटेवर मीही चार शब्द सुनावले. भाऊंनी ऐकून घेतले आणि हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.

पावसाची झड उघडली, त्या संध्याकाळी भाऊ म्हणाले, "चाला मास्तर, वावर दाखवतो." मी मागे बसलो, वहिनी पुढे डावीकडे. फाटा आला आणि भाऊंनी जीप सरळ पांदणीत घातली.

"भाऊ, रस्ता तिकडे आहे."

"त्या रोडवर खड्डे हायेत."

रस्ता नवा कोरा होता. वर सोयाबीन वाळत घालावं इतका साफ.

पांदणीत जीप मधोमध बसली आणि एका बाजूला कलली. मागचं एक चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं, माझ्या शर्टावर चिखल उडाला. भाऊंनी पाय काढला आणि शांतपणे म्हणाले, "कमल, लॉक."

वहिनींचा डावा हात समोरच्या दांडीला आवळलेला. जीप कललेली, तो सोडायची सोयच नव्हती. पदर हलला, उजवा हात बाहेर आला. हळूहळू खटक्यापाशी गेला आणि घसरला. मी मदतीला पुढे वाकलो, तर भाऊंनी आरशातून असं काही पाहिलं की मी जागच्या जागी बसलो. मागे एक ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवायला लागला.

"थांब ना बाप्पा, लॉक लागून राह्यलं!" भाऊ ओरडले.

"तुमी गप बसा," वहिनी म्हणाल्या, "मले करू द्या."

अंगठा पुन्हा टेकला आणि जोर लावून त्यांनी खटका दाबला. खट! दिवा लागला, पंप गुरगुरला, दोन्ही चाकांनी माती धरली आणि जीप बाहेर आली. पांदण संपली तेव्हा भाऊ काही बोलायच्या आत वहिनींचा हात खटक्यावर होता. "वळन आलं, टायर घासतीन ना. लक्ष कुठं राहते तुमचं?"

वावरात भाऊ काडीनं चाकाचा चिखल काढत बसले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "भाऊ, आपोआपवालं बसवलं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं."

"म्हनूनच त नाई बसवलं." काडी थांबली. "आपोआपवाल्याले तिची गरज नाई पडत, मास्तर. मले पडते."

खरं सांगतो, इतकी वर्षं या माणसाला मी नुसतं हसलो होतो. मीही एक काडी उचलली आणि पलीकडच्या चाकापाशी बसलो.

"आवं," जीपमधून वहिनींची हाक आली. उजवा हात पदराबाहेर, मांडीवर होता. "अंधार पडून राह्यला, चाला. अन् जाताना पांदनीनंच न्या. त्या रोडवर खड्डे हायेत."