निगेटिव्ह सरांचं राखीव रक्त

जाफराबादेत ओ निगेटिव्ह रक्ताचा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, हे अप्पाराव खरात सरांनी गावाला इतकी वर्षं ऐकवलं होतं की गाव त्यांना निगेटिव्ह सरच म्हणायचं. थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढे बी.ए., बी.एड. आणि त्यापुढे ओ निगेटिव्ह!

दर चौदा एप्रिलच्या रक्तदान शिबिरात सर खाटेवर नाही, शेजारच्या खुर्चीवर बसायचे. आपलं रक्त राखीव, ऐन वेळी कुणाला लागलं तर? गावालाही ते पटलेलं. सर तरण्याताठ्या पोरांवर खेकसायचे, सुईला काय भ्यायचं म्हणून, आणि भाषण ठोकून घरी जायचे.

धाकटी पायल पुण्यात प्रयोगशाळेत होती. तिथं डीएनए वाचून रक्तगट ठरवायचं काम चाले. दिवाळीत सरांनीच छाती फुगवून गालाच्या आत काडी फिरवून घेतली. मार्चमध्ये तिचा फोन आला. तो दुर्मिळपणाच्या अभिनंदनाचा नव्हता.

"बाबा, तुम्ही ओ पॉझिटिव्ह निघालात."

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पायल समजावत राहिली, की रक्त पॉझिटिव्ह ठरवणारा घटक तुमच्यात आहे, पण इतका थोडा की नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही. पण खऱ्या निगेटिव्ह पेशंटला हे रक्त दिलं, तर त्याला त्रास होऊ शकतो.

"तुझं मशीन कालचं. माझं रक्त एकसष्ट वर्षांचं. मला शिकवून राह्यली का तू?" सरांनी फोन आपटला. मग बायकोवर, बेबीनंदाबाईंवर डाफरले. चहात साखर कमी होती म्हणे. ती रोजच्याइतकीच होती.

पुढचा महिनाभर सर नुसते धुमसत होते. निगेटिव्ह गेलं की मग उरलं काय? पेन्शन आणि गुडघेदुखी. शेवटी चौदा एप्रिलला ते पायलनं पाठवलेला रिपोर्टचा कागद मुठीत चुरगाळून शिबिरात घुसले आणि रक्तपेढीच्या डॉक्टर सुमेधा मॅडमना म्हणाले, सगळ्यांसमोर तपासा. सरांनी तोंड फिरवून बोट पुढं केलं. मॅडमनी थेंब घेतला, औषध टाकलं. निगेटिव्ह!

सरांनी मिशीवर ताव दिला. आता त्या पुण्याच्या मशीनला भंगारात काढा, असं ते माइकवरूनच म्हणाले. टाळ्या पडल्या.

मॅडम तो चुरगाळलेला कागद सरळ करून वाचत होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पायलचं बरोबर आहे, आमच्या थेंबाला जे दिसत नाही ते डीएनएत दिसतं. देणारा म्हणून सर आजपासून पॉझिटिव्ह. म्हणजे राखीव ठेवायचं कारणच उरलं नाही.

शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या हारुनभाईंना भलताच आनंद झाला. त्यांनी जल्दीनं खाटेवर नवी चादर टाकली. "या सर, झोपा. इतके वर्षं तुमची खाट खालीच होती."

सर भडकले. चादरीवर भडकले, पंख्यावर भडकले, मांडवात उकडतं यावर भडकले. सगळा मांडव बघत होता आणि पोरं तर फारच बघत होती. शेवटी झोपले. डोळे घट्ट मिटून, बेबीनंदाबाईंचा हात धरून.

मॅडमनी विचारलं, याआधी कधी दिलंय का? बाईंनीच सांगितलं, "कॉलेजात असताना एकदा दिल्तं. तिथंच चक्कर येऊन पडले. उठले तवा कळलं, गट निगेटिव्ह हाय. तवापास्नं राखीव."

मांडव हसला. पिशवी मात्र भरली.

बिस्कीट खात असताना पायलचा फोन आला. अजून रागावलात का, म्हणाली.

"राग तुझा न्हाई, पोरी," सर हळूच म्हणाले. "पण रक्त द्यायला पासष्टची अट हाय. तुझं मशीन अजून चार वर्षं थांबलं असतं, तर मी बराबर सुटलो असतो."