एक हंडा, एक पान

पाठकसाहेबांकडे पाणी आणायला जाताना हंड्याबरोबर चष्माही न्यावा लागे.

साहेब उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात वरिष्ठांची भाषणं आणि हुकूम लिहिण्यात गेली. मग पैठणहून तासाभरावरच्या शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत त्यांनी एकट्यासाठी घर बांधलं आणि ते जुन्या पोथ्यांनी भरून टाकलं. पैठणची घरं विकून फ्लॅटमध्ये निघालेली मंडळी या पोथ्या गोदावरीत सोडणार होती. दुष्काळात नदीलाच पाणी नव्हतं, म्हणून वाचल्या. वैद्यक, गणित, व्याकरण आणि भरपूर वाळवी.

शहर वाढत आमच्या दाराशी आलं, नळ मात्र आला नाही. गल्लीत पाणी एकट्या साहेबांच्या बोअरला. त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'एक हंडा, एक पान. नोंद घ्यावी.' म्हणजे पोथीचं एक पान वहीत उतरवायचं, मगच हंडा भरायचा.

रोज संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पडे. रिक्षावाले शकीलभाई, बनसोडेवहिनी, मी, सगळे माना खाली घालून लिहीत असू. एक काना चुकला की लाल शाईत शेरा: 'फेरसादर करावे.' तोवर हंडा प्रलंबित.

"साब, ये अक्षर है की मुंगी चल रही?" शकीलभाई वैतागत.

"साहेब, डाळ शिजायची हाय वो घरी," वहिनी म्हणत.

"विचाराधीन आहे," असं म्हणून साहेब आत जात आणि सगळ्यांसाठी चहा टाकत. माणूस खडूस, हे माझं पक्कं मत.

मे महिन्यात तापामुळं मी एका दुपारी घरी होतो. बघतो तर साहेबांच्या मागच्या दारी टँकर, पाइप हौदात सोडलेला. डोक्यावर टॉवेल घेऊन साहेब उन्हात उभे. मला बघून ओशाळले.

"बोअर?" मी विचारलं.

"होळीलाच आटली."

"मग सांगायचं ना. आम्ही मागवला असता टँकर."

"मागवला असता, अन् आपापल्या दारात रिकामा केला असता." साहेबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "पोथ्या काय, मी एकटाही लिहून काढीन हो. पण संध्याकाळी इथं कोण आलं असतं? गल्लीत बोलू नका. नोंद घ्यावी."

मला माझीच लाज वाटली. त्या संध्याकाळी मी हंडा न घेताच गेलो.

"हंडा?" साहेबांनी विचारलं.

"घरी पाणी आहे. कुठलं पान लिहू?"

त्यांनी बराच वेळ शोधून एक पान दिलं. मी लिहिलं, तीन चुका निघाल्या. साहेबांनी लाल शाईत शेरा मारला: 'उद्या फेरसादर करावे.'

त्यातला 'उद्या' नवीन होता.