बी-३०२ मधला परदेशी

सकाळचे नऊ वाजले होते आणि सुबोधदादा मुलुंडच्या 'शेवंती' सोसायटीच्या गेटबाहेर उभा होता. हातात सुरमईची पिशवी, आणि पिशवीपाशी एक मांजर. वर तिसऱ्या मजल्यावर त्याची धाकटी बहीण उत्तरा आंघोळीला गेलेली, आणि तिचा फोन दिवाणावर एकटाच वाजत पडलेला.

"लवू, अरे सोड की आत! महिनाभर बघतोयस मला."

"मी वळखतंय हो," वॉचमन लवू म्हणाला. "ॲप वळखणा नाय. ॲप तुमका पाहुणो म्हणता. वहिनींनी वरसून बटान दाबूक व्हया."

उत्तराची आंघोळ म्हणजे साधं काम नव्हे. ती आतच दोन स्तोत्रं म्हणते, आणि मधेच चुकली तर पहिल्यापासून. तिने बटण दाबलं तेव्हा सुरमईचा शेपटीकडचा भाग मांजराच्या पोटात गेला होता.

आता हा माणूस गेटबाहेर का, ते सांगतो. सुबोधदादा छत्तीस वर्षं न्यू जर्सीत होता. औषधांच्या दुकानात नोकरी केली, निवृत्त झाला. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी सिएटलला, स्वभावाने चांगली, पण तिला बोलायला वेळ बुधवारी सात ते साडेसात. शेवटी त्याने घर विकलं, एका बाजूचं तिकीट काढलं आणि उरलेलं आयुष्य बहिणीकडे काढायचं ठरवलं. उत्तराही एकटीच. तिचे यजमान जाऊन पाच वर्षं झालेली. भारत सरकारने दादाला जन्मभर राहायचं कार्डही दिलं होतं. पण भारत सरकार म्हणजे काही 'शेवंती' सोसायटी नव्हे. पाहुणा तीस दिवसांवर राहणार असेल तर इथे सेक्रेटरींची परवानगी लागते.

आणि सेक्रेटरी होते नंदकिशोर राऊत. त्यांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी तीनदा अर्ज केला होता. नातवाच्या बारशाला, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला आणि नातू पहिलीत गेला तेव्हा. तिन्ही वेळा नकार. बारशाच्या वेळी तर दीड मिनिटात.

उत्तरा त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी कपाटातून अकरा पानी अर्ज काढला.

"भाऊ राहणार माझ्या घरात, माझ्या पलंगावर, आणि परवानगी तुमची?"

"वहिनी, अर्जदार तुम्ही नाही. तुम्ही प्रायोजक."

"प्रायोजक गणपतीच्या मांडवाला असतो हो!"

"इथेही असतो. पान चार बघा. अर्जदाराचा फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन्ही कान दिसले पाहिजेत."

फोटो फ्रिजच्या दारासमोर काढला. पहिल्यात एकच कान आला, दुसऱ्यात फ्रिजवरचा भोपळा आला. नात्याचा पुरावा म्हणून दोघांचे शाळेचे दाखले जोडले. नंदकिशोरांनी ते उजेडात धरून पाहिले.

"वडिलांचं नाव सारखं आहे. पण त्या नावाचे वडील मुलुंडमध्ये पन्नास निघतील. मुलाखत होईल. तीन आठवड्यांनी."

"अहो, तुम्ही आमच्या खालच्याच मजल्यावर राहता!"

"म्हणून तर लवकरची तारीख दिली."

"आणि नाही म्हणालात तर?"

"आठवडाभरात गेटपास बंद. मग सुबोधरावांनी दुसरीकडे सोय बघावी."

हे ऐकलं आणि सुबोधदादाचा चेहरा उतरला. रात्रीचं जेवण त्याने निम्मंच केलं. "उत्तरा," तो म्हणाला, "तिकडचं घर विकलं गं. हे नाही म्हणाले तर मला घरच नाही कुठे."

"गप. मी आहे ना?" उत्तरा म्हणाली खरी, पण तिनेही पुढची पोळी घेतली नाही. पाच वर्षं तिने एकटीने चहा घेतला होता.

मग काय, सगळी बिल्डिंग शिकवायला आली. पहिल्या मजल्यावरच्या मालनताई म्हणाल्या, "विचारतील तेवढंच बोला. जास्त बोललं की संशय येतो." वसुधाताई म्हणाल्या, "डोळ्यात डोळे घालून बोला." त्यावरून त्या दोघींचंच वाजलं.

मुलाखतीच्या दिवशी मीटररूमशेजारच्या ऑफिसात नंदकिशोर बसले होते. सूचनाफलकाची काच काढून त्यांनी टेबलावर उभी केली होती आणि तिला खाली कागद सरकवण्यापुरती फट ठेवली होती. दाराशी लवू चिठ्ठ्या वाटत होता.

"वायच थांबा, सायेब. तुमचो नंबर दोन."

"अरे, इथे आम्ही दोघंच आहोत ना?"

"एक नंबर वहिनींचो. दोघांका येकदम सोडूक नाय सांगितलानी."

आधी उत्तरा आत गेली, मग सुबोधदादा. दोघांना प्रश्न तेच. लहानपणी घरातली भांडी कोण घासायचं? उत्तरा म्हणाली मी, दादा म्हणाला मी. आमरसाची मोठी वाटी कोणाला? ती म्हणाली दादाला, तो म्हणाला तिला. मार कोणी जास्त खाल्ला? दोघंही छातीला हात लावून म्हणाले, मी. शेवटचा प्रश्न होता, आईचं लाडकं कोण?

"दादा. विचारायचं काय त्यात?" उत्तरा म्हणाली होती.

"उत्तरा. आख्ख्या चाळीला माहीत होतं," सुबोधदादा म्हणाला.

नंदकिशोरांनी दोघांना काचेपुढे उभं केलं. "बारा प्रश्न, बाराही उत्तरं वेगळी. एका घरात वाढलेली माणसं अशी बोलतात? प्रकरण बनावट आहे." आणि त्यांनी धाडकन लाल शिक्का मारला. नामंजूर.

वाट लागली! पण त्या शिक्क्याकडे बघायला शुद्धीवर होतं कोण?

"तू भांडी घासलीस?" उत्तरा भावाकडे वळली. "कधी रे? कुठल्या जन्मी?"

"तू कावीळ होऊन पडली होतीस तेव्हा! दोन महिने!"

"दोन आठवडे! आणि त्यातही कढई मलाच ठेवायचास!"

"मार कोणी खाल्ला? शाईची दौत तू सांडलीस आणि पाठ माझी सोलली!"

"दौत मांजराने सांडली होती!"

"आपल्याकडे मांजर नव्हतंच, उत्तरे!"

पाऊण तास झाला. जिन्यात माणसं जमली. मालनताईंनी गॅस बंद करून खुर्ची आणली. भांडण आमरसावरून सायकलवर, सायकलवरून लग्नावर आलं.

"माझ्या लग्नाला आला नाहीस! तार पाठवलीस!"

"कागदपत्रं अडकली होती माझी! आलो असतो तर परत आत घेतलं नसतं अमेरिकेने!"

काचेमागे नंदकिशोरांची मान खाली गेली.

"आणि आई?" उत्तरा रडवेली झाली. "शेवटपर्यंत करायला मी, आणि तिच्या तोंडात सुबोध, सुबोध! मी समोर बसलेली असायचे रे!"

सुबोधदादाने चष्मा काढून हातात घेतला. "मला फोनवर काय म्हणायची माहितीय? उत्तरा माझं किती करते, आणि तू? दर फोनला. ठेवला की रडायचो मी."

"तुला असं म्हणायची?"

"दर फोनला."

"मला एकदा नाही म्हणाली, मेली!"

"आईला मेली म्हणतेस?"

"माझी आई आहे! म्हणेन!"

नंदकिशोरांनी काच उचलून बाजूला ठेवली. डोळे पुसले, लाल शिक्क्यावर काट मारली आणि खाली हिरवा शिक्का मारून लिहिलं, 'कायम वास्तव्य मंजूर. पुरावा: भांडण, समक्ष ऐकले.'

"परक्या माणसाशी एवढं भांडायची कोणाची ताकद नसते," ते म्हणाले. "माझं आणि आमच्या थोरल्या भावाचं अस्संच आहे. अभिनंदन, सुबोधराव."

जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरा मात्र अजून धुमसत होती.

"अभिनंदन ठेवा बाजूला. हे रद्द करायचा फॉर्म आहे का?"

"असला तर मलाच द्या," सुबोधदादा घुश्शात म्हणाला. " मीच भरतो!"

नंदकिशोर नियमाचे पक्के. त्यांनी शांतपणे खण उघडला. "फॉर्म चौदा. सह्या दोघांच्या लागतात. आणि रद्द करण्याचं कारण दोघांनी मिळून एकच लिहायचं. दोघांनाही मान्य हवं."

ह्याला चार महिने झाले. रोज संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन बहीणभाऊ तो फॉर्म भरायला बसतात. ती लिहिते, 'दादाचा स्वभाव'. तो ते खोडून लिहितो, 'उत्तराचा स्वभाव'. खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा फॉर्म आणावा लागतो. आतापर्यंत सतरा झाले. अठरावा आणायला काल सुबोधदादाच खाली गेला होता, आणि जाताना ओरडून सांगत होता, "मी येईपर्यंत चहा गाळू नकोस गं, गार होतो!"